राणीच्या डोळ्याविषयी

गिरगाव, मुंबई

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

काल तू तुमच्या कुत्रीच्या, राणीच्या, डोळ्याचे सांगितलेस आणि "देवाने दिलेला डोळा आपण कसा काढायचा?" हे काकूंचे म्हणणेही ऐकवलेस, तेव्हा मला फोनवर धड बोलता आले नाही. आमच्या मोती कुत्र्याच्या वेळी हाच प्रश्न माझ्यापुढे होता आणि निर्णय घ्यायला मी पाच आठवडे लावले, याचे मला अजून वाईट वाटते. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मोतीचा डावा डोळा लाल झाला, तेव्हा जवळच्या एका दवाखान्यात 'डोळे आले आहेत' म्हणून थेंब दिले गेले; डोळ्यातला दाब कोणी मोजलाच नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी बुबुळाला लहानशा यंत्राचे टोक टेकवून तो पाहिला, तर पाऱ्याच्या 50 मिलिमीटरच्या पुढे निघाला. कुत्र्यांत तो साधारण 10 ते 25 असतो. एवढा दाब चढला की एकदोन दिवसांतही नजर जाऊ शकते, आणि मोतीची गेलेली होती. चाळीतले लोक मोतीबिंदूच समजत होते, पण हा काचबिंदू. यात गेलेली दृष्टी परत येत नाही, ठणका मात्र चालूच राहतो.

मोती कधी विव्हळला नाही. तो जास्त झोपायचा, डाव्या गालाला हात लावू द्यायचा नाही आणि संध्याकाळी कपाटाच्या दाराला कपाळ टेकवून नुसता उभा राहायचा. मी ते वय झाल्याचे लक्षण समजत होतो. खरे सांगायचे तर मला त्याच्या दुखण्यापेक्षा त्याच्या चेहऱ्याची काळजी अधिक होती. आत सिलिकॉनचा गोळा बसवून डोळा दिसायला शाबूत ठेवण्याचा पर्यायही डॉक्टरांनी सांगितला होता, पण ते समाधान माझे झाले असते, त्याचे नव्हे, म्हणून मी नको म्हटले.

रक्ताच्या व हृदयाच्या तपासण्या झाल्यावर पूर्ण भूल देऊन डोळा काढला. त्याबरोबर आतली तिसरी पापणी आणि पापण्यांच्या कडाही काढून कातडी शिवून टाकतात, त्यामुळे उघडी खोबण राहत नाही. संध्याकाळी तो घरी आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या डाव्या नाकपुडीतून लालसर पाणी आले आणि आम्ही दोघेही घाबरलो. अश्रूंची नळी नाकात उतरते, म्हणून एकदोन दिवस असे होते, हे डॉक्टरांनी फोनवर सांगितले. तू हे आधीच लक्षात ठेव. टाके बाराव्या दिवशी काढले. तोवर गळ्यातली प्लास्टिकची कॉलर क्षणभरही काढू नकोस, कितीही केविलवाणे पाहिले तरी.

तिसऱ्या दिवशी सकाळी हिने तव्यावरची पोळी उतरवली आणि मोती शेपूट हलवत ओट्यापाशी येऊन बसला. त्या पाच आठवड्यांत तो असा एकदाही आला नव्हता. जिन्यात सुरुवातीला डावा खांदा कठड्यावर आपटायचा, पण पुढे तो आपणहून भिंतीच्या कडेने उतरू लागला. त्या बाजूने जाताना आम्ही आधी हाक मारतो, एवढेच.

राणीही कॉकर स्पॅनियल आहे, म्हणून दोन गोष्टी डॉक्टरांना जरूर विचार. या जातीत काचबिंदू बऱ्याचदा आनुवंशिक असतो आणि पुढे काही महिन्यांत दुसऱ्या डोळ्यालाही होऊ शकतो. तो लांबवणारे थेंब आतापासून सुरू करता येतील का आणि दाब किती दिवसांनी मोजायचा, हे ठरवून घे. शिवाय काढलेला डोळा तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवायला सांग, कारण दाब वाढण्यामागे कधीकधी आतली गाठ असते.

काकूंशी मी बोलतो. तारीख ठरली की कळव, मी आदल्या रात्रीच मुक्कामाला येतो.

तुझा,
वसंत