पक स्टिकवर नसताना

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. तीन मिनिटांत अकरा गोल. गोल देखणे आहेत, त्यात वाद नाही. पण सोबत तू लिहिलं आहेस की फॉरवर्ड म्हणून व्यावसायिक आइस हॉकीच खेळायची, दुसरं काही नाही. म्हणून त्या वाटेचा हिशेब जरा सविस्तर लिहिते.

तुझ्या वयाच्या प्रत्येक संघात सर्वाधिक गोल करणारा एक मुलगा असतो. मेजर ज्युनियरच्या (कॅनडातल्या सगळ्यात वरच्या युवा लीगच्या) संघात असेच एकेक मुलगे गोळा होतात. त्यांच्यातले निवडक एएचएलमध्ये, म्हणजे एनएचएलच्या लगेच खालच्या व्यावसायिक लीगमध्ये, भेटतात. सगळ्यात वरच्या लीगमध्ये, एनएचएलमध्ये, चौथ्या लाइनवर आठ-दहा मिनिटं खेळणारा, ज्याला पाहून तू नाक मुरडतोस, तोही सोळाव्या वर्षी बहुधा आपल्या संघाचा हिरोच होता. आता आकडे बघ. सामन्याला संघ दोन गोली (गोलरक्षक) सोडून १८ खेळाडू उतरवतो. त्यात साधारण १२ फॉरवर्ड, तिघातिघांच्या चार लाइन. गोलांसाठी राखलेल्या वरच्या दोन लाइनमध्ये सहा जागा. एनएचएलचे ३२ संघ धरले तर १९२. बाकीच्या १९२ जागा वेगळ्याच कामांच्या: समोरच्यांची पहिली लाइन रोखणं, पेनल्टी किल (आपला खेळाडू शिक्षेवर असताना बचाव), फेसऑफ (खेळ सुरू करायला टाकलेला पक मिळवणं), बोर्डलगतची, म्हणजे कडेच्या फळ्यांजवळची, झटापट. गोल आटले तरी कोच तुला बर्फावर का उतरवेल, याचं उत्तर ज्याच्याकडे असतं तो टिकतो.

मॅनी मल्होत्राचं उदाहरण घे. १९९८च्या ड्राफ्टमध्ये (एनएचएलचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) तो सातवा निवडला गेला. फार गोल करणारा काही झाला नाही, पण फेसऑफ आणि बचावाच्या जोरावर एनएचएलचे ९९१ सामने खेळला. जो पावेल्स्की २००३ मध्ये २०५ वा निवडला गेला. त्याचं स्केटिंग काही वाऱ्यासारखं नव्हतं, मात्र गोलसमोर उभं राहून दुसऱ्याच्या शॉटला स्टिकचा हलका स्पर्श देऊन दिशा बदलण्यात त्याचा हात धरणारे फार थोडे. झॅक हायमन २०१० मध्ये १२३ वा होता. आधी मेहनती विंगर (कडेचा फॉरवर्ड) म्हणून जागा मिळवली आणि २०२३-२४ मध्ये ५४ गोल केले, बरेचसे गोलीच्या अगदी नाकासमोरून. अर्शदीप बैन्स तर २०२१-२२ मध्ये डब्ल्यूएचएल या मेजर ज्युनियर लीगचा सर्वाधिक गुणांचा खेळाडू, तरीही कोणी ड्राफ्ट न केलेला. व्हँकुव्हरच्या एनएचएल संघाने थेट करार केला, आणि पहिला एनएचएल सामना मिळाला फेब्रुवारी २०२४ मध्ये.

बर्फावर दोन्हीकडचे मिळून गोली सोडून दहा स्केटर असतात आणि पक, ती रबरी चकती, एकच. पंधरा मिनिटं खेळलास तर तुझ्या वाट्याला पक येणार फार तर दीड मिनिट. उरलेल्या साडेतेरा मिनिटांत तू काय करतोस, स्काउट (संघासाठी खेळाडू हेरणारा) ते बघायला येतो.

आधी तुझ्या स्वतःच्या झोनमधलं, कारण विंगरचं घोडं तिथेच अडतं. बचावपटू बोर्डवरून पक पुढे ढकलतो, तू हाफवॉलवर (बाजूच्या फळीच्या मधोमध) आहेस, आणि समोरचा डिफेन्समन ब्लू लाइनवरून (झोनच्या सीमारेषेवरून) तुझ्या अंगावर येतोय. अशा वेळी पाठ खेळाकडे आणि तोंड बोर्डकडे करून उभा राहिलास तर पकही गेला आणि खांदाही. ढुंगण बोर्डला, छाती मैदानाकडे, स्टिकचं पातं बर्फावर. पक येण्याआधी किमान दोनदा मान वळवून बघ: सेंटर (मधला फॉरवर्ड) खाली आलाय का, दाबणारा किती दूर आहे. सेंटर मोकळा असेल तर आखूड पास. नसेल तर काच किंवा बोर्ड वापरून पक ब्लू लाइनच्या बाहेर. तो ‘कुरूप’ क्लिअर तुझ्या व्हिडिओत कधीच येणार नाही, पण तो चुकला की पक तुमच्याच झोनमध्ये राहतो, आधीच दमलेले पाच जण अडकतात आणि अर्ध्या मिनिटात गोल होतो. कोच गोल करणाऱ्याचं नाव विसरेल, तुझं नाही.

दुसरी जागा समोरच्यांची ब्लू लाइन. एकाला चकवून आत जायचा मोह तिथेच होतो. ज्युनियरच्या खाली ते दहातून सहा वेळा जमतं म्हणून सवय लागते. वरच्या पातळीवर तिथे पक हरवला की तुझे दोन्ही साथीदार पुढे धावत असतात आणि समोरचे तिघे तुमच्या दोघांवर चालून येतात. जागा नसेल तर पक बचावपटूच्या मागे कोपऱ्यात सोड, पण गोलीला मिळणार नाही असा, आणि तू धाव. फोरचेकला (समोरच्यांच्या झोनमध्ये पकवाल्यावर दबाव टाकायला) पहिला जाणारा सरळ रेषेत जात नाही. तो थोडा वळसा घालून बचावपटूची एक बाजू बंद करतो, म्हणजे पास कुठे जाणार हे दुसऱ्याला आधीच कळतं. तिसरा मागे, ब्लू लाइनच्या बाजूला थांबतो. तिन्ही फॉरवर्ड गोलरेषेखाली दिसले की समज, कोणीतरी आपलं काम विसरलाय. बहुतेक वेळा तो त्या लाइनमधला सर्वाधिक गोलवाला असतो.

शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक खेप, ४० ते ४५ सेकंदांची. तुझ्या शिफ्ट सव्वा-दीड मिनिटाच्या होतात, हे व्हिडिओतल्या घड्याळावरूनच दिसतं. साठाव्या सेकंदानंतर पाय जड होतात, बॅकचेक (बचावासाठी मागे धावणं) चालत होतो आणि पुढच्या दोन शिफ्टही वाया जातात, कारण दम भरून निघत नाही. दुसऱ्या पिरियडमध्ये जास्त सांभाळ: बाजू बदललेल्या असतात, तुमचा बेंच तुमच्या बचावाच्या झोनपासून लांब पडतो, आणि दमलेला असताना बदली घ्यायला मधला सगळा पट्टा ओलांडावा लागतो. पक समोरच्यांच्या झोनमध्ये खोल गेल्याशिवाय बेंचकडे वळायचं नाही.

तुला सेंटर व्हायचं असेल तर फेसऑफ वेगळं शिकावं लागेल. पक टाकणाऱ्या लाइन्समनच्या हातावर नजर ठेव. हातातून सुटलेला पक दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. खालचा हात आणखी खाली घे, वजन पावलांच्या पुढच्या भागावर. एनएचएलमध्ये दोन्ही टोकांच्या झोनमधल्या फेसऑफला बचाव करणारा आधी स्टिक टेकवतो, म्हणजे आक्रमण करणाऱ्याला किंचित फायदा. पॅट्रिस बर्जेरॉनने बचावात सर्वोत्तम फॉरवर्डची सेल्की ट्रॉफी सहा वेळा जिंकली, त्यात फेसऑफचा वाटा मोठा. तू उजव्या हाताने खेळतोस हे जमेला धर: तसे सेंटर कमी असतात, आणि दोन्ही बाजूंना बॅकहँडवर पक मागे ओढता यावा म्हणून संघाला एक तरी हवा असतो.

सामानाबद्दल थोडंच. स्टिकवरचा फ्लेक्सचा आकडा म्हणजे दांडा एक इंच वाकवायला लागणारं वजन, पाउंडांत. ढोबळ नियम असा की तो शरीराच्या वजनाच्या निम्मा असावा. तू साठ किलोचा, म्हणजे १३० पाउंडांच्या आसपास. तुला ६५ ची स्टिक पुरे. तू ८५ वापरतोस, वर ती दोन इंच कापलीस, म्हणजे ती आणखी ताठ झाली. दांडा वाकत नाही, शॉटला झटका मिळत नाही आणि सगळा जोर खांद्यातून काढावा लागतो. स्केटच्या पात्याखालच्या खाचेची गोलाई अर्ध्या इंच त्रिज्येची ठेव. ती जास्त खोल केली तर पकड वाढते पण पातं बर्फात रुततं आणि घसरण मारली जाते. धार लावून आणल्यावर पात्यावर आडवं नाणं ठेवून बघ. ते तिरकं बसलं तर एक कड उंच आहे, आणि वळताना पाय सटकणार. सराव झाला की पाती पुसून कापडी कव्हरमध्ये ठेव. प्लास्टिकच्या गार्डमध्ये पाणी अडकून गंज चढतो.

अंगावर जाण्याबद्दल. बोर्डपासून तीन-चार फुटांवर पाठमोरं उभं राहणं ही सगळ्यात वाईट जागा. मागून धक्का बसला की डोकं थेट फळीत जातं. एकतर बोर्डला चिकट, नाहीतर नीट लांब राहा. आणि धडक अटळ असेल तेव्हा मान खाली घालायची नाही, कधीच नाही. डोक्याला मार लागून गरगरलं, प्रकाश सहन होईना किंवा काही आठवेना, तर त्याच क्षणी बाहेर. परत येणं टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास, डॉक्टरांच्या परवानगीने. स्काउट आलाय म्हणून लपवणारे खूप आहेत, त्यांच्यात तुझी भर नको.

आता शिडी. पंधरा-सोळाव्या वर्षी निवड येते: कॅनडातल्या ओएचएल, डब्ल्यूएचएल, क्यूएमजेएचएल या मेजर ज्युनियर लीग, किंवा यूएसएचएलसारख्या अमेरिकी ज्युनियर लीगमधून अमेरिकेतलं कॉलेज. पूर्वी मेजर ज्युनियर खेळलं की कॉलेज हॉकीचं दार बंद व्हायचं. १ ऑगस्ट २०२५ पासून एनसीएएच्या (अमेरिकी कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) पहिल्या विभागाने ते उघडलं, त्यामुळे आधी ज्युनियर आणि मग कॉलेज हा मार्गही झाला. फरक नीट समजून घे. ओएचएल-डब्ल्यूएचएलमध्ये ६८ सामने, बसचे लांब प्रवास, परक्या कुटुंबात राहणं. कॉलेजमध्ये सामने जवळपास निम्मे, बहुतेक शुक्रवार-शनिवारी, बाकीचा आठवडा जिम आणि अभ्यास. अठराव्या वर्षी अंगाने तयार असलेल्याला ज्युनियर मानवतं. तुझी उंची अजून वाढतेय. तुला जास्त जिम आणि कमी सामने फायद्याचे, असं माझं मत. ज्युनियर संघाशी सही करण्याआधी शिक्षणाच्या पैशाची कलमं वाच: किती हंगामांमागे किती वर्षांची फी, ती कधीपर्यंत वापरायची आणि व्यावसायिक करार झाला तर तिचं काय होतं.

एनएचएल ड्राफ्ट सात फेऱ्यांचा, २२४ निवडींचा. त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण हवेत. निवड म्हणजे नोकरी नव्हे. त्या संघाला तुझ्याशी करार करण्याचा हक्क मिळतो, एवढंच. पहिल्या कराराची लांबी वयावर ठरते: १८ ते २१ मध्ये सही केली तर तीन वर्षं, २२-२३ ला दोन, २४ ला एक. अठरा-एकोणीसचा खेळाडू त्या हंगामात दहापेक्षा कमी एनएचएल सामने खेळला तर करार एक वर्ष पुढे सरकतो. म्हणून मुलांना नऊ सामने खेळवून ज्युनियरला परत धाडतात. तुझ्या बाबतीत तसं झालं तर तो अपमान समजू नकोस, तो हिशेब आहे.

त्यानंतर एएचएल, आणि खरी चाळणी तिथेच लागते. पहिला करार टू-वे असतो: वर खेळलास तर एक पगार, खाली दुसरा, आणि खालचा अनेकदा वरच्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. २०२५-२६ मध्ये एनएचएलचा किमान पगार ७,७५,००० डॉलर होता, २०२६-२७ साठी ८,५०,००० ठरला. त्यातून कर, एजंटचे काही टक्के आणि लीगने कमाईचा हिशेब होईपर्यंत काही राखून ठेवलं तर ती एस्क्रोची रक्कम वजा होते. विसाव्या वर्षी सही केलेल्याला तीन वर्षं किंवा १६० एनएचएल सामने, जे आधी होईल तोवर, वेव्हर्सशिवाय, म्हणजे इतर संघांना विचारल्याशिवाय, वर-खाली पाठवता येतं. ती मुदत संपली की खाली पाठवण्याआधी २४ तास इतर संघांना तुला उचलायची संधी द्यावी लागते. बावीस-तेविसाव्या वर्षी संघाला त्यामुळे ठरवावंच लागतं, आणि वरच्या दोन लाइनमध्ये जागा नसेल तर प्रश्न एकच विचारला जातो: हा पेनल्टी किल करतो का? नाही म्हटलं की चौथ्या लाइनची जागाही गेली.

युरोप हा पराभव नाही. स्वीडनची एसएचएल, फिनलंडची लीगा, स्वित्झर्लंडची नॅशनल लीग, जर्मनीची डीईएल, सगळीकडे पोट भरेल इतकं मिळतं. गंमत अशी की तिथे परदेशी खेळाडूला मुख्यतः गोल करण्यासाठी बोलावतात. म्हणजे बचाव शिकायचा, पण शॉट गंजू द्यायचा नाही.

हंगाम संपला की सहा आठवडे बर्फ पूर्ण बंद. दुसरा कुठलाही खेळ खेळ, मांड्या आणि कमरेच्या आतल्या स्नायूंवर काम कर. स्केटिंगमध्ये तेच सगळ्यात आधी तुटतात.

आणि नवा व्हिडिओ पाठव. या वेळी गोल काढून टाक. एका सामन्यातल्या तुझ्या सगळ्या शिफ्ट हव्यात, बोर्ड ओलांडून उतरल्यापासून परत बेंचवर बसेपर्यंत, मध्ये एकही कट नको. हरलेला सामना असेल तर उत्तम.

तुझी,
आई