वेगळी चूल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. शायांच्या गप्पांसाठी ऑनलाइन गटातल्या पेनवाल्यांनी आपल्याला वेगळा विभाग काढून दिला म्हणून तू चांगलाच भडकलेला दिसतोस. ‘आपल्याला घराबाहेर काढलं,’ असं लिहिलंयस. अरे, काढलंच. पण मला त्याचं आता वाईट वाटत नाही.

सुरुवात आठवते का? निळ्या शाईच्या रेघेला कडेने लालसर झाक का येते, एवढंच कुणीतरी विचारलं होतं. उत्तर आलं, कागद कमी शोषणारा असला की रंग वरच सुकतो आणि तिरप्या उजेडात चमकतो. विषय तिथेच संपायचा. पण तू तीन कागदांवर एकेक थेंब टाकून फोटो लावलेस. तिसऱ्या थेंबाची कड अगदी तांब्याच्या भांड्यासारखी! त्यानंतर रोज थेंबच थेंब. निब अडखळते म्हणून मदत मागायला आलेल्या बिचाऱ्याचा प्रश्न आपल्या ढिगाखाली गडप. त्याच्या जागी मीही वैतागलो असतो.

आपल्याला वाटतं, आवड वाढली की गट होतो. आवड लागतेच, पण चूल वेगळी होते ती बहुतेकदा बाकीच्यांना धूर सोसेनासा झाल्यावर. यूझनेट बघ, म्हणजे संगणकांवरून गटागटाने गप्पा मारायचं जुनं जाळं. १९८० मध्ये अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांतल्या संगणकांवर ते सुरू झालं. गप्पा इतक्या फोफावल्या की १९८७ मध्ये सगळ्या गटांची नावं बदलून सात शाखा पाडल्या, आणि छंद, करमणूक वगैरे ‘रेक’ नावाच्या शाखेत गेले. त्यामागे हिशेब होता: निरोप पोचवायला पैसे पडत, आणि कुठली शाखा घ्यायची, कुठली गाळायची हे संगणक चालवणाऱ्या ज्याच्या त्याच्या हातात हवं होतं. पुढे नवा गट काढायचा तर मतदान. विरोधापेक्षा १०० मतं जास्त, शिवाय एकूण मतांपैकी दोन तृतीयांश बाजूने. आपल्या शायांना तेवढी मतं पडली असती का, सांग बरं! आपण फुकटात सुटलो.

आता नव्या घरात काय चाललंय ते तू पाहिलेलं दिसत नाही. मोकळीक मिळाल्याबरोबर भाषाच बदलली. ‘झाक’ म्हटलं की सगळ्यांना कळतं, समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच नवा माणूस आला की गोंधळतो आणि आपले लोक त्याला ‘जुनं वाचून ये’ म्हणून फटकारतात. परवा मीही तसंच केलं. नंतर लाज वाटली. यूझनेटवर दर सप्टेंबरला नवे विद्यार्थी यायचे, महिनाभरात रीतभात शिकायचे. १९९३ पासून लोकांचा ओघ थांबेचना, तेव्हा जुने लोक म्हणू लागले, हा सप्टेंबर संपतच नाही. आपला तर अजून पहिलाच आठवडा आहे आणि आपण आत्ताच म्हातारे झालो!

आणखी एक गंमत. दोघंतिघं शाया एकमेकींत मिसळायला लागलेत. एकाच्या दौतीत गाळ धरला, त्याचेच चाळीस फोटो. काल कुणीतरी विचारलं, ‘या मिसळणाऱ्यांना वेगळी जागा देता येईल का?’

विचारणारा मीच होतो. तू ये लवकर, मला मत हवंय.

तुझाच,
दौतवाला