पेव्हर ब्लॉकखाली गेलेला दगड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भूकंपप्रवण भागातली जमीन उपग्रहाच्या मदतीने कशी मोजतात, यावरचा रविवारच्या पुरवणीतला लेख आवडला. फक्त ‘जमिनीवरच्या जुन्या खुणांची आता गरज उरली नाही’ हे वाक्य खटकले. (खुणा म्हणजे सर्वेक्षणासाठी पूर्वी ठिकठिकाणी रोवलेले दगड.)

जीपीएस सांगते, खूण किती सरकली, किती वर आली. का वर आली, हे त्याला कळत नाही. तव्यावरची पोळी जाड दिसते ती पुरणाने की वाफेने, हे नुसते बघून कसे कळणार? हातात घेतली की कळते. गुरुत्वमापक यंत्र तेच करते. जमीन 1 सेंटिमीटर नुसती उचलली गेली तर तिथले गुरुत्व सुमारे 3 मायक्रोगॅलने घटते. खाली तेवढाच खडक भरला गेला असेल तर घट 2 च्या आसपास राहते. 1 मायक्रोगॅल म्हणजे पृथ्वीच्या ओढीचा साधारण अब्जावा भाग! पावसाळ्यात भूजल मीटरभर चढले तरी यंत्राचा काटा काही मायक्रोगॅलने हलू शकतो, म्हणून विहिरींच्या पाण्याचाही हिशेब ठेवावा लागतो. आणि दोन्ही यंत्रे वर्षानुवर्षे त्याच जागी लावली तरच त्या आकड्यांना अर्थ.

26 जानेवारी 2001 ला सकाळी पावणेनऊला आमच्या ओटीवरचा झोपाळा कुणी बसलेले नसताना हलत होता. बडोद्यात निभावले, कच्छ मात्र उद्ध्वस्त झाला. त्या भूकंपाची मुख्य भेग जमिनीवर उमटलीच नाही. 1819 च्या भूकंपात कच्छच्या रणात अल्लाबंद हा लांबलचक बांध वर आला, तसे डोळ्यांना दिसणारे काही नव्हते. मग संशोधकांनी एकोणिसाव्या शतकात त्रिकोण मोजत देशाची मोजणी करणाऱ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या जुन्या खुणा कच्छात शोधून काढल्या आणि त्यांवर जीपीएस लावून जमीन किती हलली ते काढले. त्या खुणा कुणी फोडून भिंतीला वापरल्या असत्या तर? (भूकंपाचे भाकीत यातून होत नाही, हेही सांगतो, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर तारीख फिरू लागेल.)

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ‘जीटीएस बीएम’ (ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे, बेंचमार्क) अक्षरे कोरलेला समतलनाचा, म्हणजे जमिनीची उंची मोजण्याच्या खुणेचा, एक दगड होता. लहानपणी आम्ही त्यावर गोट्या खेळायचो. मागच्या वर्षी रस्त्याच्या कामात तो पेव्हर ब्लॉकखाली गेला. संबंधित कार्यालयात गेलो तर तिथला तरुण म्हणाला, “काका, हवे तो सेटेलाइट छे ने!” (आता तर सॅटेलाइट आहे ना!) त्याला काय बोलणार? आपल्याकडे शिकलेली माणसेही तेच लिहितात.

आपण वाचकांना एवढे आवाहन करावे, की आपल्या भागात असा दगड असेल तर त्याचा फोटो काढावा आणि रस्ता खोदण्याआधी कंत्राटदाराला तो दाखवावा. आमच्या दगडाचे शेजारच्या वाड्याच्या जोत्यापासूनचे अंतर मी टेपने मोजून वहीत लिहिले आहे: 2 मीटर 40 सेंटिमीटर. पेव्हर पुन्हा उखडतीलच. तेव्हा मी तिथे उभा असेन.

आपला,
एक जुना वाचक
दांडिया बाजार, बडोदे