टोपलीच्या आकाराची इमारत : रविवारी जुन्या कॅसेट पाहूया

सर्व सभासदांना,

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता नेहमीच्या सभागृहात लाँगाबर्गर कंपनीच्या जाहिरातीच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट दाखवणार आहोत. टोपल्या विकणाऱ्या या कंपनीने १९९७ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात, नेवार्क इथे, आपलं मुख्यालयच टोपलीच्या आकाराचं बांधलं. सात मजले, वर टोपलीला असतात तशा दोन अजस्र कड्या, आणि थंडीत त्यांवर बर्फ धरू नये म्हणून त्या तापवण्याची सोय! २०१६ मध्ये कर्मचारी तिथून हलले. माणसांनी गजबजलेली ती वास्तू आता अशा कॅसेटमध्येच भेटते, म्हणून हा खटाटोप.

कृपया लक्षात ठेवा :

• कॅसेट एनटीएससी या अमेरिकेतल्या चित्रपद्धतीच्या आहेत, नुसत्या पाल (आपल्याकडची पद्धत) व्हीसीआरवर नीट दिसत नाहीत. दोन्ही पद्धतींचा व्हीसीआर असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.

• तुमच्याकडे अशी कॅसेट असल्यास जरूर आणा, पण घरी लावून पाहू नका. फितीवर पांढरी बुरशी असेल तर ती यंत्रात शिरते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते.

• प्रत्येक कॅसेट एकदाच लावू आणि त्याच वेळी संगणकावर उतरवून घेऊ. मध्ये थांबवता येणार नाही, वेळेवर या.