कागद असता तर धरणाच्या टायमालाच दाखवला असता

संपादक साहेब, नमस्कार.

९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनाच्या शुभेच्छांनी व्हॉट्सअप भरून गेलं, मी पण दोन ग्रुपवर फॉरवर्ड केलं, खोटं कशाला बोलू. त्याच आठवड्यात कोयनेच्या पाण्यापलीकडं मामाच्या धनगरवाड्यावर गेलेलो. मामा वनहक्काच्या दाव्याची पिशवी पुढ्यात घेऊन बसलेला, कुठल्याशा साहेबानं सांगितलेलं की तीन पिढ्यांचा लेखी पुरावा आणा नायतर विसरा. मामा म्हणतो, "कागुद असता तर धरणाच्या टायमालाच दावला नसता व्हय?"

२००७ ला संयुक्त राष्ट्रांनी मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ विरुद्ध ४ मतांनी पास केला, भारतानं बाजूनं मत दिलं. त्यात दहावं कलमच आहे की लोकांना नीट माहिती देऊन त्यांची राजीखुशी घेतल्याशिवाय जमिनीवरून हलवायचं नाही. पण आपल्या सरकारचं जुनं म्हणणं काय, तर स्वातंत्र्याच्या वेळची सगळी जनता आणि तिचे वारस सगळेच मूलनिवासी. वरातीत सगळेच नवरदेव, मग घोड्यावर बसवायचं कुणाला? आणि जाहीरनामा बंधनकारक नाही, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा (आयएलओ) १९८९ चा मूलनिवासींबद्दलचा १६९ नंबरचा करार बंधनकारक आहे तर त्यावर आपली सही नाही.

बरं ते राहू दे, मामासारखे म्हशी राखणारे गवळी धनगर आदिवासी का नाहीत या भांडणातही मला पडायचं नाही, कारण आपला २००६ चा वनहक्क कायदा आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींनाही लागू आहे, फक्त त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षं दाखवावी लागतात, म्हणजे १९३० पासूनची. आता डोंगरात म्हशी राखणाऱ्याकडं १९३० चा कागद कुठून येणार? म्हणूनच नियमात लिहिलंय की दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब, जुनी घरं, विहिरी, दफनाच्या जागा, देवाच्या जागा हे पण पुरावेच, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर अमुकच कागद आणा असा हट्ट धरता येत नाही. मामाच्या वाड्यावर पडक्या गोठ्यांची जोती आहेत, झाडाखाली शेंदूर फासलेला देव आहे, नव्वदीची म्हातारी आहे जिला सासऱ्याच्या म्हशींची नावं पण पाठ आहेत. तिचा जबाब घ्यायला अजून कोण फिरकलं नाही.

सातारा सांगलीत राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला आदिवासी भाग नाही, त्यामुळं अशा भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा इथं नाही, आणि २०१० पासून इथं सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. तिथंही हक्क आधी ठरवून, ग्रामसभेची संमती घेऊन मगच पुनर्वसन, असं वनहक्क कायदाच म्हणतो. वाघाला आमचा विरोध नाही, वाघ आणि म्हशी दोन्ही तिथं आधीपासूनच होते.

एकच विनंती, ही नियमांची माहिती तुमच्या तालुका पानावर छापा. दावा फेटाळला तर कारण लेखी द्यावं लागतं आणि ६० दिवसांत वर दाद मागता येते. मामाला अजून सगळं तोंडीच सांगितलंय.

एक वाचक, पाटण