नावाआधी क्रमांक

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या आपत्ती पथकात तुझं नाव लागल्याचं तू फोनवर सांगितलंस आणि त्याच दमात विचारलंस, "आई, मृतांचा डीएनए नातेवाइकांशी जुळवून ओळख पटवायला बहात्तर तास कशाला लागतात?" फोनवर घाईत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

अहमदाबादचंच उदाहरण घेऊ. १२ जून २०२५ ला लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान उड्डाणानंतर लगेच बी. जे. मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहाच्या आवारात कोसळलं. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. जमिनीवरचे १९ धरून एकूण २६० माणसं गेली. लंडनपर्यंतचं इंधन टाक्यांत होतं, त्यामुळे आग भयंकर. चेहऱ्यावरून ओळखता आले ते मोजकेच, बाकीच्यांसाठी डीएनए हाच आधार. शेवटच्या मृताची ओळख २८ जूनला पटली, म्हणजे सोळा दिवसांनी. ७२ तास हा एका चांगल्या नमुन्याचा हिशोब आहे. जळालेलं हाड तीनदा तपासावं लागतं, नातेवाईक परदेशातून यायचे असतात, आणि जमिनीवर कोण कोण होतं याची यादीच तयार नसते. विमानातल्या माणसांची यादी बंद असते, रस्त्यावरच्या आणि मेसमधल्या माणसांची उघडी. उघडी यादी नेहमीच जास्त वेळ खाते.

आता तुझं काम. घटनास्थळी जे सापडेल, अख्खा देह असो की बोटभर तुकडा, त्याला सापडलेल्या जागीच क्रमांक मिळायला हवा आणि तोच क्रमांक शेवटपर्यंत राहायला हवा. शवागारात नवा, प्रयोगशाळेत तिसरा असं झालं की तिथेच घोळ सुरू होतो. पिशवीवर एक, देहाला बांधलेला एक आणि नमुन्याच्या डबीवर एक, तिन्ही लेबलं सारखी, पाण्याने न पुसणाऱ्या शाईची. लेबलावर नाव कधीच लिहू नकोस, खिशात आधार कार्ड सापडलं तरीही. कार्ड सापडलं अशी नोंद कर, बस. धक्क्याने एकाच्या वस्तू दुसऱ्याच्या अंगाखाली जातात, आणि एकदा नाव लागलं की पुढचा प्रत्येक जण त्या नावाकडेच बघत काम करतो. जवळ सापडले म्हणून दोन तुकडे एका पिशवीत घालणं हीसुद्धा तीच चूक.

नमुना कुठून घ्यायचा हे देहाच्या अवस्थेवर ठरतं. देह अखंड आणि ताजा असेल तर रक्त एफटीए कार्डावर (रक्ताचा थेंब वाळवून जपायचा खास कागद) किंवा गालाच्या आतला स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने घेतलेला नमुना, पुरतो. देह तुटलेला असला तरी ताजा असेल तर खोलवरचा लाल स्नायू साधारण एक ग्रॅम घे. वरचा थर बाजूला करून आतला घे, कारण अग्निशमनाच्या पाण्याने एकाचं रक्त दुसऱ्यावर गेलेलं असतं. कुजलेल्या देहात मांडीच्या हाडाच्या मधल्या भागातून ४ ते १० सेंटीमीटरचा खिडकीसारखा तुकडा काप. हाड आडवं तोडू नकोस, त्याच्या लांबीवरून उंची काढता येते. न किडलेली, न भरलेली दाढ मिळाली तर उत्तम, पण ती काढण्याआधी दंतवैद्यांची नोंद आणि एक्स-रे झालेला हवा. बाहेरून कोळसा झालेल्या देहातही मूत्राशय शाबूत असू शकतं. तिथला स्वॅब कामी येतो.

दोन देहांच्या मध्ये करवतीचं पातं बदल, निदान हायपोक्लोराइटने (ब्लीचने) साफ कर. आणि फॉर्मॅलिन, म्हणजे अवयव टिकवायचं द्रावण, अजिबात नको. तुमच्या विभागात हात आपोआप त्या बरणीकडे जातो, पण फॉर्मॅलिनने डीएनएचे तुकडे होतात आणि ते प्रथिनांना चिकटून बसतात. लगेच उणे २० चा फ्रीझर नसेल तर स्नायू ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेव.

प्रयोगशाळेत आम्ही हाडाचा पृष्ठभाग घासून, धुऊन, वाळवून त्याची द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत पूड करतो. साधारण अर्धा ग्रॅम पूड ईडीटीए आणि प्रोटिनेज के घालून ५६ अंशांवर रात्रभर ठेवायची, म्हणजे कॅल्शियम सुटतं आणि पेशींतला डीएनए मोकळा होतो. एक रात्र तिथेच गेली. मग डीएनए गाळून घ्यायचा, किती आहे आणि किती मोडका आहे ते मोजायचं, आणि वीसेक जागांवर चार अक्षरांचा एक तुकडा लागोपाठ किती वेळा आलाय ते पाहायचं. एखाद्या जागी वडिलांचे आकडे १२ आणि १५ असतील, तर मुलाकडे त्यांतला एक असणारच, दुसरा आईचा.

जळालेल्या हाडात डीएनएचे लांब धागे आधी तुटतात. यंत्राचा आलेख डावीकडे, आखूड तुकड्यांच्या बाजूला, उंच आणि उजवीकडे, लांब तुकड्यांकडे, उतरत जाणारा दिसतो. लांब जागांवर दोन आकड्यांपैकी एक गळाला, तर माणसाकडे एकच आकडा आहे असा भास होतो आणि खरा बाप परका ठरू शकतो. म्हणून असा नमुना पुन्हा करायचा, आखूड तुकड्यांच्या किटवर करायचा. हाडाचा रंगही सांगतो. पिवळट-तपकिरी असेल तर आशा आहे, काळं असेल तर थोडी, राखाडी-पांढरं खडूसारखं झालं असेल तर जवळजवळ नाही. म्हणून एकाच देहातलं कमी जळालेलं हाड शोधण्यात तू दहा मिनिटं जास्त घालवलीस, तर आमचे दोन दिवस वाचतात.

पण माझ्या मते खरी परीक्षा नातेवाइकांच्या टेबलावर आहे. रक्त काढणं सोपं. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए बल्बमध्ये २ ते ३ मिली घ्यायचं, किंवा दोन्ही गालांतून स्वॅब घेऊन, सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा. प्लॅस्टिकमध्ये ओल राहते आणि बुरशी धरते. अवघड आहे ते नातं नीट लिहिणं. फॉर्मवर "अंकल" आणि "कझिन" लिहिलेलं दिसलं की मला कळवळून येतं, कारण आपल्या भाषेत यासाठी नेमके शब्द आहेत आणि प्रत्येकाचा डीएनए वेगळं सांगतो. मृत पुरुष असेल तर काका आणि चुलतभाऊ यांच्याशी बापाकडून मुलग्याला मिळणारं वाय गुणसूत्र जुळतं. मामा, मावशी आणि मावसभाऊ यांच्याशी आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए जुळतो. आतेभाऊ आणि मामेभाऊ यांच्याशी या दोन्हींपैकी काहीच जुळत नाही. सख्खा की सावत्र, सावत्र असेल तर बापाकडून की आईकडून, हेही लिही. मामेबहिणीशी लग्न झालेलं घर असेल तर तेही लिही, त्याने गणित बदलतं.

आधी आई-वडील किंवा मुलं शोध. सख्खी भावंडं त्याखालोखाल, कारण कुठल्याही एका जागी भावंडांत काहीच सारखं नसण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून एका भावावर थांबू नकोस, दोन-तीन भावंडं घे. पत्नीचं रक्त पतीशी जुळणार नाही हे उघड आहे, पण मुलासोबत तेही घे. तिचा वाटा वजा केला की उरतो तो बापाचा. दोन भाऊ एकत्र गेले असतील तर वडिलांच्या रक्ताने घर कळतं, कोणता भाऊ ते कळत नाही. तिथे टूथब्रश, रेझर किंवा भावांपैकी कुणाचं मूल लागतं. अख्खं कुटुंबच विमानात असेल तर आजी-आजोबांपर्यंत जावं लागतं. त्या विमानातले बरेच कर्मचारी मुंबई परिसरातले होते, त्यामुळे अहमदाबादच्या रांगेत मराठी घरंही होती. तुझ्यासमोर बसलेल्या आईला हे सगळं विचारताना आवाज खाली ठेव. मूल दत्तक आहे का, अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालंय का, हे एकटीला बाजूला घेऊन विचार. प्रत्यारोपण झालेल्याचं रक्त दात्याची ओळख दाखवतं. आणि वडील जन्मदाते नाहीत असं तपासणीत दिसलं, तर ते आपल्याकडेच राहतं. त्या घराला तेव्हा ते सांगणं हे आपलं काम नाही.

"जुळलं" म्हणजे काय, तेही नीट समजून घे. यादीत २६० माणसं आहेत. एखादा देह त्यांतल्या एका ठरावीक माणसाचा आहे हे ९९.९ टक्के खात्रीने म्हणायचं, तर पुरावा योगायोगापेक्षा सुमारे २ लाख ५९ हजार पट वजनदार हवा. आई आणि वडील दोघं असतील तर तो सहज मिळतो. एकटा भाऊ असेल तर कित्येकदा नाही. शिवाय प्रत्येक देह प्रत्येक घराशी ताडून पाहिला जातो, आणि हजारो तुलनांत एखादं घर योगायोगाने बरंचसं जुळतंच. उलट, बाप-मुलात एका जागी आकडा एकाने सरकलेला दिसला म्हणून नातं नाकारू नकोस. अशी उत्परिवर्तनं एका जागी हजारात एक-दोनदा होतात, आणि आपण वीस जागा बघतो. यासाठीच वय, लिंग, उंची, दात, अंगठी हे सगळं डीएनएच्या निकालासोबत एका टेबलावर ठेवून मगच सही करायची. साठीच्या बाईच्या नावावर तिशीतल्या माणसाची मांडी आली, तर चूक बहुधा लेबलाची असते, यंत्राची नव्हे.

प्रत्येक देहाला नाव मिळतंच असं नाही. न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांत २,७५३ जण गेले, त्यांतले सुमारे चाळीस टक्के अजून ओळखले गेलेले नाहीत. जपून ठेवलेली हाडं तिथे नव्या पद्धतींनी अजूनही तपासली जातात. केरळातल्या वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ च्या दरडीनंतर ओळख न पटलेले अवशेष पुथुमलामध्ये क्रमांक लावून पुरले, हे फार योग्य झालं. दहन केलं असतं तर परतीची वाट बंद झाली असती. अंत्यविधीची घाई झाली आणि कुणी मोठा अधिकारी दबाव आणू लागला, तर हेच सांग. आणि आपल्या इर्शाळवाडीत २०२३ च्या जुलैमध्ये दरडीखाली गेलेली ५७ माणसं सापडलीच नाहीत, शोध थांबवावा लागला. जिथे देहच हाती येत नाही, तिथे आमची प्रयोगशाळाही हात जोडून उभी राहते.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी, रक्त घेताना, लेखी विचारून ठेव: पुढे आणखी अवशेष सापडला तर कळवायचं का, की पहिल्यांदा देह ताब्यात दिला की थांबायचं? काहींना प्रत्येक तुकडा हवा असतो, काहींना दुसऱ्यांदा तो फोन सहन होत नाही. त्या उत्तराखाली त्यांची सही घे आणि त्या कागदाची प्रत बल्बसोबतच आमच्याकडे पाठव. स्वतःचा गालाचा स्वॅबही त्याच दिवशी दे, पथकातल्या प्रत्येकाचा दे, म्हणजे तुमचा डीएनए नमुन्यात मिसळला तर तो आम्हाला ओळखता येईल.

ड्रिल कधी आहे ते कळव. फॉर्मचा मराठी मसुदा मी करून ठेवलाय, तो तुझ्या सरांना दाखव.

तुझी,
आई