सुरक्षिततेचा सल्ला आणि सहलीचे तिकीट एकाच खिडकीवर: क्रूझ कंपनीला तक्रार पत्र

दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय: पनामातील कोलोन बंदरात उतरण्याबाबत दिलेली अपुरी व दिशाभूल करणारी माहिती, आणि तेथील 'शहरदर्शन' सहलीचे पैसे परत मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

जानेवारीतल्या आपल्या कॅरिबियन सफरीवर मी, माझे पती आणि माझ्या सासूबाई असे तिघे होतो. कोलोनला सासूबाईंची पर्स हिसकावली गेली. मी जहाजावरच लेखी तक्रार दिली आणि त्यावर आपल्या कार्यालयाचा ईमेलही आला. त्यात चोरीबद्दल खेद आहे, पुढच्या सफरीसाठी सवलतीचे कूपन आहे आणि सहल चालवणारी संस्था स्वतंत्र कंत्राटदार असल्याने कंपनीवर जबाबदारी येत नाही, असे एक कलम उतरवून दिले आहे. चोरी कुठेही होते, हे मलाही कळते. उतरायचे की जहाजावरच थांबायचे हे आम्ही ज्या माहितीवर ठरवले, ती माहिती आपण कशी दिलीत हा माझ्या तक्रारीचा मुद्दा होता. त्याबद्दल उत्तरात एक अक्षर नाही. म्हणून पुन्हा लिहिते आहे, आणि या वेळी सविस्तर लिहिते आहे.

आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये नेहमीचे दैनिक पत्रक आले. त्यात कोलोनबद्दल ठळक चौकट होती: प्रवाशांनी बंदराच्या आवाराबाहेर पायी जाऊ नये, शहर पाहायचे असल्यास कंपनीच्या सहलीचा लाभ घ्यावा. लगेच खाली सहलींचे दर. का जाऊ नये, कुठे जाऊ नये, किती वाजल्यानंतर जाऊ नये, यातले काहीही नाही. एका ओळीत घाबरवायचे आणि पुढच्या ओळीत तिकीट पुढे करायचे, एवढेच त्या चौकटीचे काम होते.

तरी मी खाली सहलींच्या काउंटरवर गेले. आपले वेळापत्रक आपल्याला माहीत आहेच, पण मुद्दा कळावा म्हणून लिहिते. त्या दिवशी जहाज सकाळी पनामा कालव्यातल्या गातून लॉकच्या (पाणी भरून जहाज वर उचलणाऱ्या, दरवाजे असलेल्या हौदांच्या) तीन पायऱ्यांनी २६ मीटर वर चढून गातून तलावात गेले, तिथून वळून पुन्हा खाली उतरले आणि दुपारी तीनला कोलोनच्या धक्क्याला लागले. ज्यांनी सकाळच्या सहली घेतल्या होत्या ते तलावातच छोट्या बोटींनी उतरले. आम्ही थांबलो, कारण सासूबाईंना लॉकचे दरवाजे उघडताना डेकवरून पाहायचे होते. (पाहण्यासारखेच आहे ते. १९१४ सालचे दरवाजे, आणि लॉकमधले पाणी चढते-उतरते ते पंपाशिवाय, नुसत्या उतारावर. त्या सकाळबद्दल माझी काहीही तक्रार नाही.) म्हणजे आमच्या हातात दुपारी तीन ते रात्री आठ एवढा वेळ. त्यातून साडेसातच्या आत जहाजावर परत. जानेवारीत तिथे सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पाच तासांच्या मुक्कामात उजेडाचे तीन तास, हा हिशेब माझा मी मांडला, आपल्या पत्रकाने मांडला नव्हता.

काउंटरवर मी साधे प्रश्न विचारले. टर्मिनलच्या कुंपणाच्या आत फिरायला हरकत आहे का? अधिकृत टॅक्सी फाटकाच्या आत मिळते की बाहेर जाऊन शोधावी लागते? शहराबाहेरचा जुना किल्ला पाहून अंधार पडायच्या आत परत येता येईल का? चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईंना घेऊन काय शक्य आहे? उत्तर एकच मिळाले: "सुरक्षिततेबद्दल आम्ही सल्ला देऊ शकत नाही, मॅडम, पण आमची सहल सुरक्षित आहे." मी म्हटले, सल्ला देता येत नाही तर हा कोणता झाला? त्यावर काउंटरवरच्या मुलाने हसून तिकिटाचे यंत्र पुढे ओढले. मुलगा बिचारा तरुण होता, त्याला तेवढेच सांगायला शिकवले असणार, म्हणून त्याच्याबद्दल तक्रार करत नाही.

तिथून स्वागतकक्षात गेले. त्यांनी पुन्हा सहलींच्या काउंटरकडे बोट दाखवले. संध्याकाळी सभागृहात 'बंदराची ओळख' असा कार्यक्रम होता, तोही ऐकला. तो पाचूंवर होता. कोणत्या दुकानात अस्सल पाचू मिळतात, कोणत्या दुकानात आपल्या जहाजाचा नकाशा दाखवला की फुकट लोलक मिळते, वगैरे. ही 'शिफारस केलेली' दुकाने शिफारशीसाठी पैसे मोजतात, हे आता प्रवाशांपासून लपलेले नाही. गंमत म्हणून ऐकायला हरकत नाही, पण त्याला बंदराची ओळख म्हणू नये.

अवघड बंदर म्हणजे सगळीकडे सारखाच धोका, असे कुठेच नसते. कुंपणाच्या आतला धक्का वेगळा, दिवसाउजेडी टॅक्सीने गाठलेला किल्ला वेगळा आणि दिवेलागणीला पायी तुडवलेली गल्ली वेगळी. एकटा धडधाकट माणूस जे करू शकतो ते म्हाताऱ्या माणसांना किंवा लहान मुलांना घेऊन करता येत नाही. कुणाला थोडा धोका पत्करूनही शहर पाहायचे असते, कुणाला डेकवर पुस्तक वाचायचे असते, आणि दोघांचेही बरोबर असते. निर्णय प्रवाशाचाच असतो, तो तुम्ही घ्यावा असे मी म्हणत नाही. पण तो घ्यायला जे हाताशी लागते ते तुमच्याकडे असते. त्या बंदरावरचा स्थानिक प्रतिनिधी तुमचा, जहाजावरचा सुरक्षा अधिकारी तुमचा, मागच्या फेऱ्यांमध्ये कुठे काय घडले याच्या नोंदी तुमच्या. यातले प्रवाशापर्यंत काय पोहोचले? "पायी जाऊ नये."

असे सांगताच येत नाही, हेही खरे नाही. २०२४ च्या जानेवारीत बहामातल्या अमेरिकी वकिलातीने नासाऊमधल्या खुनांबद्दल इशारा दिला, तेव्हा तिथे जहाजे नेणाऱ्या काही कंपन्यांनी प्रवाशांना लेखी सावध केले होते. इशारा कुणाचा, कशाबद्दल, काळजी काय घ्यायची, हे वाचून माणूस आपले आपण ठरवू शकतो. धंदा त्यांचाही हाच आहे.

अखेर आम्ही शहरदर्शनाची तीन तिकिटे घेतली. प्रत्येकी ७९ डॉलर. पैशांकडे पाहिले नाही, कारण सासूबाई बरोबर होत्या आणि कंपनीची बस म्हणजे दारातून दारात, असे आम्हाला त्या काउंटरवर शब्दशः सांगितले होते.

बस पावणेपाचला सुटली, तिकिटावर चारची वेळ होती. मार्ग त्याच शहरातून, जिथे पायी पाऊल ठेवू नका म्हणून आपण बजावले होते. कोलोन पाहून वाईट वाटते. रेल्वेसाठी १८५० साली वसवलेले गाव, पुढे कालवा, १९४८ पासून करमुक्त व्यापाराचे भलेमोठे क्षेत्र. जगाचा माल याच्या दारावरून जातो आणि गावातल्या लाकडी गॅलऱ्या कोसळायला आलेल्या. त्या लोकांबद्दल माझ्या मनात काहीही राग नाही, हे इथे मुद्दाम नोंदवते.

समुद्रकाठच्या जुन्या दगडी चर्चपाशी गाइडने सर्वांना उतरवले. पंधरा मिनिटे फोटोंसाठी. मग कळले की तिथे बस उभी करायला जागा नाही, ती पुढे गेली आहे, चालत यावे लागेल. किती? जवळच. जवळच म्हणजे दोन मोठे चौक. सहा वाजून गेले होते, रस्त्यावर दिवे नव्हते, आणि आम्ही तीसेक माणसे गळ्यात कंपनीचे पट्टे आणि छातीवर गोल स्टिकर लावून एका रांगेत चाललो होतो. पुढे गाइड, मागे कुणीच नाही. सासूबाई हळू चालतात, त्यामुळे आम्ही शेपटाला. एक मुलगा सायकलवरून मागून आला. काय झाले ते कळेपर्यंत तो वळून गेलाही होता, आणि सासूबाईंच्या खांद्यावर पर्सच्या पट्ट्याचा वीतभर तुकडा तेवढा राहिला होता. सरळ कापलेला. त्या पडल्या नाहीत हे नशीब. तिथल्याच एका दारात फळे विकायला बसलेल्या बाईने आपली खुर्ची उचलून आणली, त्यांना बसवले, सोललेले संत्रे हातात दिले आणि स्वतः ओरडून कोपऱ्यावरच्या पोलिसाला बोलावले. त्या संध्याकाळी आमची विचारपूस करणारी ती एकटीच.

पोलीस नोंद करून घ्यायला तयार होता. आपल्या गाइडने आम्हाला उठवले, "जहाज चुकेल" म्हणून. ही कंपनीची सहल आहे, उशीर झाला तर जहाज थांबते, हेच तर ती विकताना सांगितले जाते! जाहिरातीत ते वाक्य जाड अक्षरात आहे. प्रत्यक्षात सात वाजताच आम्ही धक्क्यावर होतो आणि पोलिसांचा कागद मात्र हातात नव्हता. जहाजावरच्या सुरक्षा अधिकाऱ्याने आपला अर्ज भरून घेतला. प्रवास विम्याची कंपनी तो अर्ज मानायला तयार नाही, तिला स्थानिक पोलिसांची नोंद हवी. फोन आणि चष्मा दोन्ही गेले, आणि दाव्याला आधार उरला नाही.

आता आपल्या ईमेलमधले कलम. सहल चालवणारे स्वतंत्र कंत्राटदार आहेत, कंपनी केवळ प्रवाशांच्या सोयीसाठी तिकिटे उपलब्ध करून देते. काउंटरवर ती 'आमची सहल' होती आणि आमची म्हणूनच सुरक्षित होती. पर्स गेल्यावर ती 'त्यांची' झाली. विकताना आपली आणि बिघडल्यावर परक्याची, हे चालणार नाही. सहल परक्याची असेल तर ती जास्त सुरक्षित आहे असे सांगण्याचा आधार काय, तो सांगा. त्या संस्थेची पाहणी केली होती? बस कुठे उभी राहणार हे तपासले होते? अंधारात म्हाताऱ्या माणसांना दोन चौक चालवू नये, एवढी तरी अट करारात होती का?

हा प्रश्न पर्सपुरता नाही. ९ डिसेंबर २०१९ रोजी न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि २२ जणांचा जीव गेला. त्या वेळी बेटावर असलेल्यांपैकी बहुतेक जण एका क्रूझ जहाजावरून सहलीला आलेले होते. आमचे दुःख त्याच्याशेजारी ठेवण्याइतकी मी बालिश नाही. पण जहाजावर विकले जाते म्हणजे कुणीतरी जबाबदार माणसाने ते तपासले असणार, असे प्रवासी धरून चालतो. तो तसे धरून चालतो म्हणूनच तर आपले तिकीट बाहेरच्यापेक्षा महाग विकले जाते.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या टेबलावरचे एक जोडपे म्हणाले, की त्यांनी टर्मिनलच्या फाटकाआतून परवानाधारक टॅक्सी ठरवली, किल्ला पाहिला आणि दिवस मावळायच्या आत परत आले. आधी भाडे ठरवले, परत आल्यावरच पैसे दिले, मौल्यवान काही बरोबर नेले नाही. ही माहिती त्यांना आपल्याकडून मिळाली नव्हती, मागच्या वेळी आलेल्या मित्रांकडून मिळाली होती. ती आम्हाला मिळाली असती तर कदाचित आम्हीही तसे गेलो असतो, कदाचित गेलोच नसतो. दोन्हींत निर्णय आमचा राहिला असता.

माझ्या मागण्या अशा. तीन तिकिटांचे २३७ डॉलर पूर्ण परत करावेत, कारण दारातून दारात बस आणि कंपनीची देखरेख, हे जे विकले ते दिले नाही. सहल चालवणाऱ्या संस्थेचे नाव आणि तिच्याशी आपला सुरक्षिततेबाबत काय करार आहे, हे लेखी कळवावे. गाइडने पोलीस नोंद होऊ दिली नाही, याबद्दल जहाजाच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडून एक पत्र द्यावे, ते आम्ही विमा कंपनीला देऊ. आणि यापुढे अशा बंदरांबद्दलची माहिती सहलींच्या काउंटरवरून काढून सुरक्षा विभागाच्या नावाने, दर न छापता द्यावी. त्यात मावळतीची वेळ, कुंपणाच्या आत काय आहे, टॅक्सीचा थांबा, स्थानिक पोलिसांचा क्रमांक, आणि चोरी झाल्यास विम्यासाठी कोणता कागद कुठून घ्यायचा, एवढे असले तरी पुरे. एका पानात मावेल. पाचूंच्या नकाशाला जेवढा कागद लागतो तेवढाच.

पुढच्या सफरीच्या सवलतीचे कूपन या पत्रासोबत परत पाठवत आहे. सहलीची तिकिटे, दैनिक पत्रकाचे ते पान, जहाजावर भरलेला अर्ज आणि आपला ईमेल यांच्या प्रती जोडल्या आहेत. मूळ कागद माझ्याकडे आहेत. तीस दिवसांच्या आत लेखी उत्तर मिळावे, आणि ते वरच्या मुद्द्यांना धरून असावे, कलमाची नक्कल नको.

कळावे,

आपली विश्वासू,
(सही)